राऊटरची दुसरी चावी

किशोरी भांडली तर घाबरायचं काही कारण नाही, हे रेवदंड्याच्या कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ती मासळीच्या वाट्यावरून भांडते, नळाच्या पाण्यावरून भांडते, आणि थोड्या वेळाने त्याच बाईच्या ओट्यावर चहा पीत बसलेली दिसते. ती गप्प बसली की मात्र जपून राहायचं. एकदा एका व्यापाऱ्याने तिचे सुके बोंबील ओलसर आहेत म्हणून परत पाठवले. किशोरी एक अक्षरही बोलली नाही. पुढच्या हंगामात वाड्यातल्या एकाही बाईने त्याला बोंबील दिले नाहीत, आणि हे असं का झालं ते त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही.

तिचा दीर विनेश याला हे सगळं माहीत होतं. तरी त्याने ते केलं. त्या दिवशी त्याची अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय म्हणायचं!

घर एकच, मधे भिंत. भिंतीच्या अलीकडे थोरला सदा आणि किशोरी. पलीकडे धाकटा विनेश, त्याची बायको कल्पिता आणि दोन्ही भावांची आई येसूबाई. होडी दोघांत मिळून, आणि तिचं नावही 'येसूबाई'च. सदा त्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. विनेशला मात्र समुद्राचा कंटाळा आला, म्हणून त्याने घराच्या मागे दोन खोल्या बांधल्या आणि मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना द्यायला लागला. पाहुण्यांना समुद्र नसला तरी चालतो, वायफाय लागतं. तेव्हा केबलवाला प्रज्योत आला आणि विनेशच्या पुढच्या खोलीत, शोकेसमध्ये देवीच्या फोटोशेजारी राऊटर बसवून गेला.

त्या आळीत मोबाईलची रेंज नाही. एका बाजूला किल्ल्याचा तट, दुसऱ्या बाजूला दाटीवाटीची घरं आणि वर नारळी. बंदरावर गेलं की फोनमध्ये जीव येतो, घरी आलं की जातो. त्यामुळे राऊटर आला तसं भिंतीच्या अलीकडेही सगळं त्याच्यावरच चालू लागलं. राऊटर बसवला तेव्हा किशोरी समोरच उभी होती. प्रज्योत विनेशला समजावत होता की याला दोन चाव्या असतात. एक पासवर्ड नेट वापरायचा, तो पाहुण्यांना द्यायचा. दुसरा राऊटरच्या आत शिरायचा, तो कुणालाही द्यायचा नाही. कारण आत शिरलं की कुणाचं नेट चालू, कुणाचं बंद, किती वाजता, किती वेगाने आणि नेटला नाव काय द्यायचं, सगळं आपल्या हातात.

"मग दुसरा काय ठेवू?" प्रज्योतने विचारलं.

"ठेव काय तरी," विनेश म्हणाला, आणि फोन स्वतःकडे घेऊन त्याने अंगाआड धरून पासवर्ड घातला. जणू तिजोरीच उघडतोय!

त्या दिवसापासून विनेशची ऐट बघून घ्यावी. जेवायच्या वेळी कल्पिताची मालिका बंद पाडायची, मित्र पत्त्यांना बसला की त्याचा फोन बंद करून त्याची गंमत बघायची. वाड्यात त्याला कुणी विचारत नव्हतं, पण या एका डबीने तो स्वतःला मोठा अधिकारी समजायला लागला.

किशोरीचं माहेर उरणकडचं, करंजा गावचं. तिथे तिची आई अंथरुणाला खिळली होती. अंगावरून वारा गेल्यामुळे तिचं अर्धं तोंड हलत नसे. साध्या फोनवर तिचं बोलणं कळायचं नाही, पण चेहरा दिसला की किशोरीला सगळं समजायचं. म्हणून रोज दिवेलागणीला तिचा भाऊ अल्पेश आईसमोर फोन धरायचा आणि व्हिडिओ लावायचा. आई विचारायची, जेवलीस का. किशोरी सांगायची, आज काय मासळी आली. एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी किशोरी हातातलं काम टाकून हात धुऊन बसायची.

दिवाळी होऊन गेली होती. बोंबलांचा हंगाम. अंगणात बांबूच्या मांडवावर किशोरीचे बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत होते. विनेशच्या पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. विनेश बाहेर आला आणि म्हणाला, "वहिनी, ह्यो मांडव काढ. पाव्हण्यांच्या गाड्या लावायच्यात."

"बोंबलांचा वास नको त कोलीवाड्यात आलंत कशाला?" किशोरी पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मांडव माज्या सासऱ्याच्या वक्ताचा हाय. न्हाय काढनार."

शब्दाने शब्द वाढला. सगळ्यांदेखत विनेश म्हणाला, "वायफाय माज्या घरातलं हाय, इसरू नको. दोन दिस न्हाय मिळालं की येशील ताळ्यावर."

त्या संध्याकाळी किशोरी हात धुऊन बसली. फोनवर नेटची खूण येईना. फोन बंद करून चालू केला. पलीकडे कल्पिताची मालिका खणखणीत ऐकू येत होती. सदा समुद्रावर होता. विनेशच्या दाराशी जाऊन मागायचं तिच्या जिवावर आलं. एक दिवस नाही बोलले तर आई काय रागावणार आहे, असं म्हणून तिने फोन ठेवून दिला. हे तिने केलं आणि याचं तिला आजही वाईट वाटतं, पण त्याचा हिशेबही तिने विनेशच्याच नावावर धरला आहे, आणि मला विचाराल तर बरोबरच केलं.

सकाळी ती होडीवरची मासळी घ्यायला बंदरावर गेली. रेंज आली आणि फोन हातात थरथरायला लागला. अल्पेशचे फोन, पुन्हा पुन्हा केलेले. मग त्याचा आवाजी निरोप. अल्पेश रडत होता. "किशोरी, आये जाते गं, फोन उचल." आणि मागून आईचा तो अर्ध्या तोंडाचा, चेहरा न बघताही त्या वेळी स्वच्छ कळलेला आवाज, "उचलत न्हाय? कामात आसंल पोर. ऱ्हाऊ दे."

रेवसहून लाँचने ती करंज्याला पोचली तेव्हा सगळे तिच्यासाठीच थांबले होते.

दहावं-तेरावं करून ती परत आली. दारात पाऊल टाकलं आणि तिच्या फोनवर नेटची खूण आपोआप उमटली. म्हणजे कुणीतरी गुपचूप कुलूप काढलं होतं. ती तशीच पिशवी हातात घेऊन भिंतीपलीकडे गेली.

"भावजी, त्या दिवशी माजा फोन तुमी बंद केल्याला."

विनेशने डोळे वर केले नाहीत. "मी? छे! रेंज गेली आसंल."

"कल्पिताचं चालू व्हतं."

"आता मशीनचं काय सांगावं वहिनी. रेंज गेली आसंल."

येसूबाई आतून म्हणाली, "आता झालं गेलं. कशाला तंटा?" तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. सदाने किशोरीचा हात धरून तिला घरी आणलं आणि म्हणाला, "भाऊ हाय माजा. जाऊ दे." किशोरीने हात सोडवून घेतला. आणि ती गप्प बसली.

तिला त्याची माफी नको होती. तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, 'मी केलं.' एवढंच. त्याच्या आईसमोर, चारचौघांत. ते ऐकेपर्यंत तिच्या आईचं शेवटचं बोलणं तसंच राहणार होतं, पोर कामात असेल म्हणून. पोर कामात नव्हती. पोर हात धुऊन बसली होती.

बोंबील उलटता उलटता ती फोनवर व्हिडिओ बघायला लागली. आधी लोकांना वाटलं भजनं ऐकते. ती राऊटरच्या आत कसं शिरायचं ते बघत होती. बहुतेक व्हिडिओ हिंदीत, सांगणारे एकमेकांपेक्षा घाईत. ती थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा बघायची. कुठला आकडा टाकला की राऊटरचं पान उघडतं, ते तिला कळलं. पान उघडलं. त्याने दुसरी चावी मागितली.

आता ती चावी विनेशने कितीही अंगाआड धरून घातलेली असो, कोळ्याने घातलेली होती. कोळीवाड्यात बँकेच्या कार्डाचा आकडा होडीचा, मोबाईलचा आकडा होडीचा, बर्फाच्या खोलीच्या कुलपाचा आकडा होडीचा. दुसरा आकडा कुणाच्या डोक्यात येतच नाही. आणि तोच आकडा आम्ही होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, हातभर अक्षरांत रंगवून बंदरात उभा करतो, कुणीही यावं आणि वाचावं! किशोरीने 'येसूबाई' टाकलं आणि पुढे होडीचा नंबर. दार उघडलं.

त्या दिवशी तिने काही केलं नाही. नुसती सगळ्या खोल्या बघून आली. मग सुरुवात केली.

शनिवारी पाहुणे जेवून पलंगावर पडले की नेट गोगलगायीसारखं व्हायचं. क्रिकेटचा सामना रंगात आला की विनेशचा टीव्ही गोल गोल फिरायला लागायचा आणि सामना संपला की सुरळीत. सकाळी तो खोलीच्या बुकिंगचं बोलत असला की मधेच तुटायचं. पाहुणे जाताना कुरकुरायचे. प्रज्योतला दर चार दिवसांनी बोलावणं जायचं. तो यायचा, तारा तपासायचा, लाईन ठीक आहे म्हणायचा, चहा पिऊन जायचा. एक दिवस विनेश डोकं धरून मांडवाशी आला.

"वहिनी, तुजं पन जातं काय गं नेट?"

किशोरीने बोंबील उलटला. "रेंज जात आसंल, भावजी."

काय गोड वाटलं असेल तिला ते! पण दोनच दिवस. कारण विनेशला ते शब्द लागलेच नाहीत. तो स्वतःचंच वाक्य विसरला होता. शेवटी प्रज्योतला संशय आला. "आत कुणीतरी शिरतंय. दुसरा पासवर्ड बदला," असं सांगून तो गेला. विनेशने बदलला. दार लावून, पडदा ओढून बदलला. दुसऱ्या दिवशी किशोरीने कल्पिताच्या भावाच्या होडीचं नाव आणि नंबर टाकला आणि आत गेली. हसू आलं तिला. पण हसून झाल्यावर ती तिथेच बसून राहिली. चोराला कळतच नसेल की शिक्षा कशाची आहे, तर तिचा काय उपयोग? त्याला नेटचा त्रास होत होता. तिच्या आईचा होत नव्हता.

म्हणून तिने सगळं थांबवलं. नेट धो धो चालू लागलं. विनेश सगळ्यांना सांगत सुटला की मी दुरुस्त केलं. किशोरीने उन्हाळा जाऊ दिला, पावसाचा पहिला जोर जाऊ दिला आणि नारळी पौर्णिमेची वाट बघितली.

नारळी पौर्णिमेला विनेशच्या दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या. होडीला नवा रंग दिला होता. विनेशने स्वतः उभं राहून नाळेवर 'येसूबाई' हे नाव पिवळ्या रंगात काढून घेतलं होतं आणि वर झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. अंगणात खुर्चीवर नवं लुगडं नेसून येसूबाई बसली होती. आळीतली माणसं मिरवणुकीसाठी जमत होती. सदा डोक्याला रुमाल बांधून नारळ हातात घेऊन उभा. किशोरी आपल्या चुलीशी करंज्या तळत होती. कढई उतरवून तिने हात धुतले, नीट पुसले आणि फोन घेतला.

आधी तिने दुसरी चावी बदलली. मग पहिली. मग नेटचं नाव. हे नाव असं असतं की जवळपासच्या प्रत्येक फोनवर दिसतं, पासवर्ड असो वा नसो. इतके दिवस तिथे विनेशच्या खोल्यांचं नाव होतं. तिने ते पुसलं आणि इंग्रजी अक्षरांत मराठीच लिहिलं, 'आईचा फोन तोडला'.

करंज्यांचं ताट घेऊन ती बाहेर आली तेव्हा अंगणात चुळबुळ सुरू झाली होती. आळीतल्या बाया एकमेकींचे फोन बघत होत्या. पुण्याहून आलेली एक पाहुणी खोलीच्या दारातून मोठ्याने म्हणाली, "काका, नेट बंद झालंय. इथे 'आईचा फोन तोडला' असं काहीतरी दिसतंय. ते तुमचंच का?"

विनेशने फोन काढला. बघितलं. त्याचा चेहरा उतरला. घाईघाईने त्याने होडीचा नंबर टाकला, मग मेव्हण्याच्या होडीचा. दार उघडेना. त्याने प्रज्योतला फोन लावला, लागला नाही, कारण नेटच नव्हतं आणि रेंज तर या आळीत कधीच नव्हती. त्या डबीच्या पाठीला एक भोक असतं, टाचणीने दाबलं की सगळं पुसून जातं, हे त्याला ठाऊक होतं. पण मग प्रज्योत येऊन पुन्हा जोडेपर्यंत काहीच चालणार नाही, आणि प्रज्योत तर आज स्वतःच्या वाड्याच्या मिरवणुकीत. आणि पुसून करतो काय? वाचायचं ते सगळ्यांनी वाचलं होतं.

येसूबाईला वाचता येत नाही. तिने विचारलं, "काय लिवलंय? समदी कुजबुजतात का?"

कल्पिताने नाइलाजाने वाचून दाखवलं.

"कोनाच्या आयचा?" येसूबाई म्हणाली.

"कुनीतरी चेष्टा केल्या, आये," विनेश म्हणाला.

"चेष्टा न्हाय," किशोरी म्हणाली. तिने ताट ओट्यावर ठेवलं. "सांगा भावजी. रेंज गेल्याली का?"

आता त्याला आठवलं. सगळं एकदम आठवलं, ते त्याच्या मानेवरून दिसलं. त्याने सदाकडे बघितलं. सदा हातातल्या नारळाकडे बघत होता. आणि मग इतके महिने 'जाऊ दे' म्हणणारा सदा म्हणाला, "सांग विनेश. मना बी ऐकायचंय."

"मी... मी बंद केलेलं," विनेश म्हणाला.

"कोनाचं?"

"वहिनीचं. बोंबलांवरनं तंटा झाल्याला म्हनून. दोन दिसासाठी. मना काय ठाव त्याच सांजला तिची आय..."

"ठाव झाल्यावर काय बोललास?" किशोरी पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे बोलत होती. "माजी आय माजं नाव घेत गेली. मी हितं भिंतीच्या अल्याड हात धुऊन बसल्याली. तुज्या घरातली मालिका ऐकत. आन तू माज्या तोंडावर रेंज सांगितलीस."

पुण्याची पाहुणी हळूच आत गेली. येसूबाई खुर्चीवरून उठली. तिला उठायला वेळ लागतो, पण कुणी हात द्यायला पुढे झालं नाही, तिचा चेहराच तसा झाला होता.

"विन्या," ती म्हणाली, "त्या होडीवरनं माजं नाव पूस."

"आये, आज सणाला..."

"दुसऱ्याच्या आयचं ह्ये केलंस, त माजं नाव कशाला मिरवतंस? पूस. आन त्या डबीची चावी आता किशोरीकडंच ऱ्हाईल."

होडी त्या दिवशी मिरवणुकीला गेली, पण झेंडूच्या माळा नाळेवर इतक्या खाली ओढलेल्या होत्या की नाव दिसत नव्हतं.

मिरवणूक निघायच्या आधी विनेश किशोरीसमोर येऊन उभा राहिला. मान खाली. "वहिनी, पाव्हनं थांबलंत. नवा पासवर्ड सांग."

किशोरीला वाटलं होतं की 'मी केलं' हे ऐकलं की छाती हलकी होईल. झाली नव्हती. पूर्ण नाही.

"माज्या आयचं नाव," ती म्हणाली, "आन पुढं तिचं गाव. गाव तुमाला ठाव हाय."

विनेशला गाव ठाऊक होतं, नाव नव्हतं.

ती बाई त्याच्या हळदीला इथे येऊन घसा बसेपर्यंत गाणी गायली होती. दरसाल तिने या घरी करंज्याच्या सोड्यांची, सुक्या कोलंबीची पिशवी पाठवली, अर्धी भिंतीच्या अलीकडे, अर्धी पलीकडे. आणि या घरात सगळे तिला म्हणत 'करंजावाली'. विनेशने सदाकडे बघितलं. सदाने मान वर केली नाही, त्यालाही ते नाव ठाऊक नव्हतं, आणि हे किशोरीला विनेशच्या सगळ्या करणीपेक्षा जास्त लागलं. पण त्याचा हिशेब वेगळा. तो ती सावकाश करील.

"इचारा," ती विनेशला म्हणाली.

"काय नाव व्हतं गं त्येंचं?"

"कमळ."

"कमळ," तो म्हणाला.

"जोरात. पाव्हन्यांना सांगायचंय ना?"

यालाही आता वर्ष होत आलं. होडीवरचं नाव विनेशने पुसलं. मग आळीतल्या म्हाताऱ्यांनी समजूत घातली, होडी बिननावाची बरी दिसत नाही म्हणून पुन्हा काढलं, पण येसूबाई बंदरावर गेली तरी होडीकडे बघत नाही. नेटला विनेशच्या खोल्यांचं नाव किशोरीनेच परत दिलं, ती काही दुष्ट नाही. पासवर्ड मात्र तिने बदललेला नाही.

थंडीत पाहुणे येतात. सामान ठेवतात, आणि समुद्र कुठे आहे हे विचारायच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारतात. मांडवाखाली किशोरी बोंबील अडकवत असते. विनेश अंगणात उभा राहून सांगतो, "कमळ करंजा. मधी जागा न्हाय सोडायची." काहींना पहिल्यांदा नीट ऐकू येत नाही. ते पुन्हा विचारतात. मग त्याला पुन्हा सांगावं लागतं, आणि किशोरी ते संपेपर्यंत हातातला बोंबील अडकवत नाही.